वही भरलेली आहे, पण त्याला शिकवतं कोण?

प्रश्न : माझा मुलगा आठ वर्षांचा आहे, दुसरीत शिकतो. सहा वर्षांचा असताना तपासणी केली तेव्हा सौम्य बौद्धिक अक्षमता आणि लक्ष टिकवण्यात अडचण असं निदान झालं. बोलतो छान, गाणी चटकन पाठ होतात, पण वाचन आणि गणित जमत नाही. वर्गात चाळीसेक मुलं आहेत. शाळेच्या सांगण्यावरून आम्ही शॅडो टीचर ठेवली आहे, ती त्याच्या शेजारी बसते. वह्या पूर्ण असतात, अक्षरही सुरेख आहे, पण स्वतः लिहिलेलं त्याला वाचता येत नाही. शाळेत तुझा मित्र कोण, असं विचारलं तर शॅडो टीचरचं नाव सांगतो. आता शाळा म्हणते की पुढच्या वर्षापासून त्याला शाळेतल्याच विशेष वर्गात पूर्णवेळ घाला. यांचं म्हणणं, एकदा तिकडे गेला की परत येणं नाही, शिवाय शिक्का बसेल तो वेगळाच. सासूबाई म्हणतात, चार मुलांत राहिला तरच सुधारेल. मला दोन्हीकडून भीती वाटते. माझंच लक्ष उशिरा गेलं का, हेही मनातून जात नाही. त्याचं नुकसान कशात कमी आहे?
– एक आई

उत्तर :

नमस्कार,

वह्या पूर्ण असतात पण त्यातलं त्याला वाचता येत नाही, हे तुम्ही ओघात लिहून गेलात. मला विचाराल तर तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे. विशेष वर्ग की नेहमीचा वर्ग, हा प्रश्न महत्त्वाचा आहेच, पण तो दुसऱ्या क्रमांकाचा. त्याआधी हे बघायला हवं की शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत या मुलाला प्रत्यक्ष शिकवतं कोण. तुमचं पत्र पुन्हा वाचूनही मला त्याचं उत्तर सापडलं नाही. वर्गशिक्षिका बाकीच्या मुलांना शिकवतात. शॅडो टीचर वही पूर्ण करून घेतात. शिकवणं दोघींच्या मध्ये कुठेतरी राहून गेलेलं दिसतं.

आज संध्याकाळी घरी एक करून बघा. त्याच्या ओळखीचं नसलेलं, पाच-सहा शब्दांचं एक वाक्य मोठ्या अक्षरात लिहून थोड्या अंतरावर ठेवा आणि त्याला उतरवायला सांगा. तुम्ही वहीकडे बघू नका, त्याच्या मानेकडे बघा. वाचता येणारं मूल एकदा वर बघतं, अख्खा शब्द डोक्यात घेतं आणि कागदावर उतरवतं. वाचता न येणारं मूल एकेका अक्षरासाठी मान वर करतं, कधी अर्ध्या अक्षरासाठीही. आधी गोल, मग वर बघून उभी रेघ, मग पुन्हा वर बघून वेलांटी. ते मूल चित्र काढत असतं. अक्षर सुरेख येतं तेही त्यामुळेच, चित्र मन लावून काढलेलं असतं ना! ताटात वाढलं म्हणजे पोटात गेलं असं होत नाही, तसंच हे. आणि वही तपासणाऱ्याला फक्त ताट दिसतं.

याचा अर्थ मुलात काही नाही असा अजिबात नाही. गाणी पाठ होतात, बोलणं छान आहे, म्हणजे कानावाटे आलेलं त्याच्यात टिकतं. कानावर पडणारा आवाज आणि कागदावरची खूण यांची सांगड मात्र त्याला अजून कोणी पायरीपायरीनं घालून दिलेली नाही. सौम्य बौद्धिक अक्षमता असलेली बरीच मुलं वाचायला शिकतात. त्यांना वेळ जास्त लागतो, तीच गोष्ट पुष्कळ वेळा करावी लागते, आणि इतर मुलं जे आपोआप उचलतात ते यांना उघड करून शिकवावं लागतं. हे काम चाळीस मुलांसमोर फळ्याशी उभं राहून होत नाही. ते चार-पाच मुलांच्या गटात, रोज, ठरल्या वेळी होतं. तेव्हा शाळेचं एवढं बरोबर आहे की आहे ते असंच पुढे ढकलण्यात अर्थ नाही. पण त्यातून ‘पूर्णवेळ विशेष वर्ग’ हाच एक निष्कर्ष निघतो असं नाही.

ब्रिटनमध्ये विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शिक्षणाचा विचार करायला नेमलेल्या, मेरी वॉर्नॉक यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं १९७८ साली जो अहवाल दिला, त्यात एकत्र शिक्षणाचे तीन प्रकार सांगितले होते. एक, नुसतं एकाच आवारात असणं. दोन, खेळ, जेवण, सुट्टी यात एकत्र असणं. आणि तीन, एकत्र शिकणं. जुनी विभागणी आहे, पण मला ती अजून फार उपयोगी वाटते. तुमच्या मुलाला लावून बघा. पहिला प्रकार आहे. दुसरा जेमतेम, कारण मित्र म्हणून त्याला एका मोठ्या बाईंचं नाव आठवतं. तिसरा नाही. म्हणजे त्याला नेहमीच्या वर्गातून काढायचं की नाही यावर घरात वाद चालू आहे, पण त्या वर्गात तो अजून पुरता आलेलाच नाही. (याच वॉर्नॉकबाईंनी २००५ मध्ये एक पुस्तिका लिहून, सगळ्यांना एकाच वर्गात बसवण्याचा आग्रह फार ताणला गेला आणि त्यात काही मुलांचे हाल झाले, अशी सणसणीत टीका केली. त्यामुळे या वादातल्या दोन्ही बाजू त्यांचाच हवाला देतात.)

आता शॅडो टीचरबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते खरी गाठ तिथे आहे.

त्या बाईंचा यात दोष आहे असं मला म्हणायचं नाही. बहुतेक ठिकाणी त्यांना ना धड प्रशिक्षण मिळतं, ना वर्गशिक्षिकेबरोबर बसून उद्याच्या पाठाबद्दल बोलायला वेळ. त्यांच्याकडून अपेक्षा एवढीच की मुलानं जागा सोडू नये, आवाज करू नये आणि वही पुरी व्हावी. ती अपेक्षा त्या चोख पूर्ण करतात. इंग्लंड आणि वेल्समधल्या शाळांत पीटर ब्लॅचफर्ड हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ पासून पाचेक वर्षं वर्गातल्या मदतनिसांचा मोठा अभ्यास केला. त्यात असं दिसलं की ज्या मुलांना मदतनिसाची मदत जास्त मिळाली, त्यांची प्रगती त्यांच्यासारख्याच, पण कमी मदत मिळालेल्या मुलांपेक्षा कमी झाली. तुम्ही म्हणाल, ती मुलं मुळातच जास्त अडचणीतली असतील. अभ्यास करणाऱ्यांनाही ही शंका होतीच. मुलांची सुरुवातीची पातळी आणि त्यांच्या अडचणी हिशेबात धरूनसुद्धा फरक उरला. कारणं शोधली तेव्हा दोन गोष्टी पुढे आल्या. मदतनीस शेजारी असला की शिक्षक त्या मुलाशी कमी बोलतात. आणि मदतनिसाचं लक्ष समजण्यापेक्षा काम उरकण्याकडे असतं.

वर्गात हे कसं घडतं ते सांगते. बाई प्रश्न विचारतात. याचा हात अर्धा वर जातो. शेजारून हळूच उत्तर येतं, किंवा ‘आधी हे पूर्ण कर’ असं येतं. हात खाली. बाईंची नजर त्या बाकावरून पुढे सरकते, कारण तिथे बघायला कोणीतरी आहे. पलीकडच्या मुलाला याच्याकडून खोडरबर हवा असतो, पण मध्ये मोठं माणूस बसलेलं, मग तो दुसऱ्याकडे मागतो. मधल्या सुट्टीत पकडापकडी सुरू होते, हा धावायला निघतो, तर पडेल म्हणून हात धरलेला. मोठ्यांच्या देखत आठ वर्षांची मुलं मैत्री करत नाहीत. कट करायला, चिडवायला, भांडून पुन्हा बोलायला त्यांना थोडी मोकळी जागा लागते, आणि ती तुमच्या मुलाभोवती नाही.

म्हणून वर्गाचा निर्णय काहीही होवो, शॅडो टीचरची जागा आणि काम दोन्ही बदला. त्यांनी त्याच्या शेजारी न बसता त्या भागातल्या चार-पाच मुलांमध्ये फिरावं, जो अडेल त्याला मदत करावी, त्यात हाही आला. त्याला प्रश्न विचारला गेला की मनात दहापर्यंत मोजेपर्यंत गप्प राहावं. दहा म्हणजे वर्गात फार लांब वाटतं, पण या मुलांना उत्तर जुळवायला तेवढा वेळ लागतो. सुट्टीत त्यांनी लांबून लक्ष ठेवावं. आणि फळ्यावरून उतरवून घेणं बंदच. छापील किंवा हातानं लिहिलेला कागद द्यावा आणि वाचलेला वेळ त्याच पाठातले तीन शब्द खरोखर शिकण्यात घालवावा. वही रिकामी दिसेल. दिसू दे.

हे केवळ माझ्या मनचं नाही. इटलीनं १९७७ मध्ये कायदा करून विशेष वर्ग जवळपास मोडीत काढले. त्याच कायद्यात, अपंग मूल ज्या वर्गात असेल त्या वर्गात २० पेक्षा जास्त मुलं नसावीत, असं म्हटलं होतं. तिथला आधार शिक्षक एका मुलाला बांधलेला नसतो, तो अख्ख्या वर्गाला दिलेला असतो. १९९२ च्या कायद्यानं तर वर्गाची जबाबदारी त्याला मुख्य शिक्षकाच्या बरोबरीनं दिली. प्रशिक्षित आधार शिक्षक पुरत नाहीत ही ओरड तिथेही आहेच. पण विचार बघा. मुलाला सांभाळायला माणूस देण्याऐवजी वर्गाला शिकवायला माणूस दिला.

आता विशेष वर्ग. तुम्हाला त्याची जी भीती वाटते, ती अर्धी खरी आहे आणि अर्धी ऐकीव.

चांगला विशेष वर्ग मिळाला तर मुलासाठी ती पर्वणी असते. थोडी मुलं, जवळपासच्या पातळीची, प्रशिक्षित शिक्षिका, रोज वाचन, रोज आकडेमोड, आणि कालपर्यंत कुणाला काय आलं याची नोंद. तिथे गेल्यावर मुलाला न्यूनगंड येईल असं आपण गृहीत धरतो, पण ऑस्ट्रेलियातले मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट मार्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं काम उलटं सांगतं. मूल स्वतःला आजूबाजूच्यांशी ताडून बघतं. चाळीस जणांत कायम शेवटचं असणाऱ्या मुलाला, आपल्यासारख्याच सात-आठ जणांत बसल्यावर आपल्यालाही काही येतं असं वाटू लागतं. शिक्का बसतो हे खरं, पण आत्ता रोज मागे पडतो तोही एक शिक्काच आहे आणि तो मुलाला स्वतःला दिसतो.

वाईट विशेष वर्ग मात्र फार वाईट असतो. सहा वर्षांपासून चौदा वर्षांपर्यंतची मुलं एका खोलीत. कुणाला दिसत नाही, कुणी बोलत नाही, कुणी सतत हलतंय, आणि सगळ्यांच्या हातात तेच रंगवायचं चित्र. मणी ओवण्याशी माझं वैर नाही, बोटांसाठी ते चांगलंच असतं. पण आठव्या वर्षी ओवलेले मणी अकराव्या वर्षीही ओवायचे असतील तर तो मुलाचा काळ फुकट घालवणं आहे. अमेरिकेत लॉइड डन यांनी १९६८ मध्ये एक लेख लिहून खळबळ उडवून दिली होती. वर्षानुवर्षं विशेष वर्गांचा पुरस्कार केलेला हा माणूस, आणि त्यानं लिहिलं की सौम्य अडचणी असलेल्या मुलांसाठी आपण जे वेगळे वर्ग उघडले, त्यातल्या बऱ्याच वर्गांचं समर्थन करता येत नाही. त्या वर्गांत गरीब आणि अल्पसंख्याक घरांतल्या मुलांचा भरणा होता, हेही त्यांनी दाखवलं. नेहमीच्या वर्गाला जड जाणारी मुलं बाजूला काढण्याची ती सोय झाली होती.

म्हणजे शाळेनं ‘विशेष वर्गात घाला’ म्हटलं की पहिला संशय हा घ्यायचा की यात सोय कुणाची आहे. मुलाची असेल तर शाळेला ती समजावून सांगता येईल. तिथे रोज काय शिकवणार, कोण शिकवणार, सहा महिन्यांनी त्याला काय येत असेल, हे ती सांगू शकेल. ‘त्याच्यासाठी तिथेच बरं’ एवढंच ऐकू आलं तर समजून जा.

संशोधनातून एक बाजू जिंकली आहे असं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. कॅम्बेल कोलॅबोरेशन या संस्थेनं २०२२ मध्ये उपलब्ध अभ्यास एकत्र करून आढावा घेतला. नेहमीच्या वर्गात बसवल्यानं विशेष गरजा असलेल्या मुलांच्या अभ्यासावर किंवा मनःस्थितीवर सरासरी ना फायदा दिसला ना तोटा. सरासरीत काहींचा फायदा आणि काहींचा तोटा एकमेकांत मिटून जातो, म्हणून तुमच्या मुलाचं काय होईल हे ती सांगत नाही. ते त्या दोन वर्गांत जाऊन बघावं लागतं. बरोबरीच्या मुलांचं नुकसान होतं, ही जी कुजबूज इतर पालकांत चालते, तिलाही अभ्यासांतून फारसा आधार मिळत नाही. तेवढ्यासाठी तुम्ही ओशाळून जाऊ नका.

तेव्हा परवानगी काढून जा आणि बसा. दोन्ही वर्गांत, शक्य असेल तर अख्खा अर्धा दिवस. पंधरा मिनिटांच्या फेरीत शाळा तुम्हाला भिंतीवरचे तक्ते दाखवते. विशेष वर्गात एका मुलाची वर्षाच्या सुरुवातीची आणि आत्ताची वही शेजारी ठेवून बघायला मागा, नाव झाकून दिली तरी चालेल. शिक्षिकेला विचारा, हा कुठे अडतो आणि तुम्ही काय करता? चांगली शिक्षिका या प्रश्नावर खुलते, थांबता थांबत नाही. आणि मुख्याध्यापकांना विचारा, गेल्या तीन वर्षांत या वर्गातून किती मुलं नेहमीच्या वर्गात परत गेली, एखाद्या विषयापुरती का होईना?

हा शेवटचा प्रश्न तुमच्या मिस्टरांचा आहे. ‘तिकडे गेला की परत येणं नाही’ ही त्यांची भीती तुम्ही हट्ट म्हणून सोडून देऊ नका. पुष्कळ ठिकाणी असंच होतं, आणि त्यात कुणाची दुष्टबुद्धी नसते. विशेष वर्ग त्याच्या गतीनं चालतो, नेहमीचा वर्ग त्याच्या गतीनं पुढे जातो, दोघांतलं अंतर वाढत जातं, आणि दोन वर्षांनी ‘आता परत कसा घालणार’ हे कुणालाच नाकारता येत नाही. यावर उपाय जाण्याआधीच करावा लागतो. अमेरिकेत १९७५ च्या कायद्यापासून अशा प्रत्येक मुलाचा स्वतःचा लेखी शैक्षणिक आराखडा असतो, तो करताना पालक बैठकीत असतात, आणि वर्षातून किमान एकदा तो पुन्हा उघडून बघणं शाळेवर बंधनकारक असतं. मूल इतरांपासून जितकं कमी तोडता येईल तितकं कमी तोडायचं, हे त्या कायद्याचं मुख्य सूत्र. फिनलंडमध्ये वर्षानुवर्षं पाचातलं एखादं मूल वर्षात कधी ना कधी काही तासांपुरतं विशेष शिक्षिकेकडे जाऊन येत आलं आहे, त्यासाठी निदानाचा कागदही लागत नाही. इतकी मुलं जातात-येतात म्हटल्यावर त्याचं कुणाला नवल राहत नाही, आणि शिक्का बसायलाही फारशी जागा उरत नाही. तुमच्याकडचा कायदा काय देतो ते बघाच, पण लेखी आराखडा आणि पुन्हा बसण्याची तारीख मागायला कुठल्याही कायद्याची वाट बघावी लागत नाही.

तुमच्या पत्रावरून माझं मत असं. पूर्णवेळ विशेष वर्गाला आत्ता हो म्हणू नका. आहे तसंच चालू ठेवायलाही हो म्हणू नका. वाचन आणि गणित रोज विशेष वर्गात, बाकी दिवस नेहमीच्या वर्गात, अशी मागणी करा. त्याचं नाव नेहमीच्या वर्गाच्याच हजेरीपटावर राहावं, तिथला त्याचा बाक त्याचाच राहावा. ही बारीकशी गोष्ट वाटते, पण ज्याचा बाक असतो तो ‘गेलाय, येईल’ असतो, आणि ज्याचा नसतो तो पाहुणा होतो.

इथे वेळापत्रकाचा एक सापळा आहे. विशेष वर्गाचे तास बसवताना शाळा हमखास खेळ, संगीत आणि चित्रकलेच्या तासांना कात्री लावते, कारण त्यात ‘अभ्यास बुडत नाही’. तुमच्या मुलाला गाणी पाठ होतात. संगीताच्या तासाला तो इतरांच्या बरोबरीनं, कदाचित पुढेही असेल. नेमका तोच तास काढून घेतला तर वर्गातल्या मुलांना तो फक्त न येणारा मुलगा म्हणून दिसत राहील. भाषेच्या तासाला भाषा, गणिताच्या तासाला गणित, असेच तास जुळवून घ्यायला सांगा. जमवणं अवघड असतं, अशक्य नसतं.

आराखड्यात ‘वाचनात सुधारणा’ असं काही लिहून आणलं तर परत करा. त्यावरून सुधारणा झाली की नाही हे कुणालाच सांगता येणार नाही. असं लिहून घ्या: ‘चार महिन्यांनी, आधी न पाहिलेला वीस सोप्या शब्दांचा उतारा मदतीशिवाय वाचेल आणि किमान सोळा शब्द बरोबर असतील.’ गणितात तसंच एक. वर्गातल्या वावराबद्दल एक, म्हणजे सुट्टीत मोठ्या माणसाशिवाय एखाद्या मुलाबरोबर दहा मिनिटं खेळेल, असं काही. तीन पुरेत. पंधरा उद्दिष्टं असलेले आराखडे मी पाहिले आहेत, ते फाइलमध्ये छान दिसतात.

शाळा म्हणाली, ‘अर्धवेळ आमच्याकडे नाही, एक काय ते ठरवा’, तर? मग माझं मत बऱ्याच समावेशनवाद्यांना, म्हणजे सगळ्या मुलांनी एकाच वर्गात शिकावं असा आग्रह धरणाऱ्यांना, रुचणार नाही. विशेष वर्गातली शिक्षिका खरोखर वाचायला शिकवणारी आहे असं तुम्हाला स्वतः बसून दिसलं असेल, तर एक वर्ष घ्या. आठव्या वर्षी वाचन ही निकडीची गोष्ट आहे. त्यावाचून नेहमीच्या वर्गातलं त्याचं बसणं दर वर्षी जास्त पोकळ होत जाईल. खेळ, संगीत, सहल आणि सुट्टी मूळ वर्गाबरोबर, हे मात्र लिहून घ्या. आणि तो वर्ग मणी ओवणारा निघाला तर मुलाला आहे तिथे ठेवा, आणि शॅडो टीचरवर जो खर्च होतो त्यातला काही भाग शाळेबाहेरच्या चांगल्या विशेष शिक्षिकेकडे वळवा. आठवड्यातून तीन-चार दिवस, नुसतं वाचन.

हे सगळं तुमच्या मुलाबद्दल झालं. इतर वाचकांनी ते जसंच्या तसं उचलू नये. कर्णबधिर मुलाला खुणांची भाषा बोलणारी मुलं आणि मोठी माणसं भोवती असणं ही भाषेचीच गरज असते. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारातलं २४ वं कलम एकीकडे सर्वांना एकत्र शिकण्याचा हक्क देतं आणि त्याच कलमात कर्णबधिर आणि अंध मुलांसाठी योग्य भाषा, योग्य साधनं आणि योग्य वातावरण यांचा वेगळा उल्लेख करतं. चाळीस मुलांच्या गोंगाटानं ज्याचं डोकं अक्षरशः दुखतं अशा स्वमग्न मुलाचा हिशेब पुन्हा वेगळा. ज्याचा रोज छळ होतोय त्याला आधी तिथून बाहेर काढायचं, तत्त्वाचं नंतर बघू.

सासूबाईंचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. बोलणं आणि खेळणं मुलं मुलांकडूनच शिकतात, म्हणून मी पूर्णवेळ वेगळं काढायला नको म्हणते आहे. पण चार मुलांत राहण्यासाठी आधी त्या चार मुलांपर्यंत पोचता यायला हवं. एखाद्या वर्गमित्राला सुट्टीच्या दिवशी घरी बोलवा, एकालाच, तासाभरासाठी, आणि दोघांना मिळून करायला काहीतरी द्या. हे काम आजी उत्तम करू शकतील.

लक्ष उशिरा गेलं का, असं तुम्ही विचारलंत. सहाव्या वर्षी तपासणी झाली म्हणजे उशीर नाही. मात्र तो अहवाल आता दोन वर्षांचा जुना आहे. पुढचे निर्णय त्यावर घेऊ नका, नव्यानं तपासणी करून घ्या. त्याआधी कान आणि डोळे तपासा. कमी ऐकू येणं किंवा फळा अंधुक दिसणं हे ‘लक्ष नसणं’ म्हणून खपून जातं, आणि एकदा निदानाचं नाव मिळालं की पुढे कुणी तिकडे बघत नाही.

मुलालाही विचारा, पण ‘तुला कुठला वर्ग हवा’ असं नको, त्यावर तो तुमच्या चेहऱ्याकडे बघून उत्तर देईल. कुठल्या तासाला मजा येते, कुठल्या तासाला पोटात दुखतं, सुट्टीत कोण हाक मारतं, असं एकेका दिवशी एकेक विचारा आणि जे सांगेल ते लिहून ठेवा.

शाळेच्या बैठकीला तुम्ही दोघं जा, एकटीनं जाऊ नका. वही न्या, आणि घरी वाक्य उतरवताना त्याची मान किती वेळा वर झाली तेही सांगा. जे ठरेल ते त्याच दिवशी ईमेलनं शाळेला लिहून पाठवा, पुढच्या बैठकीच्या तारखेसकट. शॅडो टीचरनाही बैठकीला बोलवायला सांगा. रोज त्याच्या सर्वांत जवळ त्याच बसतात, तो नेमका कुठे अडतो हे बाईंपेक्षा त्यांना जास्त ठाऊक असण्याची शक्यता आहे. आणि त्यांचं काम बदलायचं असेल तर ते त्यांना तिथे सगळ्यांसमोर, नीट समजावून कळू दे, घरून निरोप पाठवून नको.